नानांचं घड्याळ कॉपी झालं नाही

नाना, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चहा गॅसवर आहे, आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, उतू जाईल तर जाऊ दे. हे आज लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल. तुमचं दहावं-तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, काकूंच्या डोळ्यातलं पाणी थोडं थांबलं, आणि आता मी मोकळी झालेय. रडायला नाही, ते झालंय रडून. भांडायला. तुम्ही अर्ध्या भांडणातून उठून गेलात आणि हे मला अजिबात चाललेलं नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे तुमच्या जावयाने पेपरात दिलंय, फोटोसकट. फोटोत तुम्ही कोट घातलाय. नाना, कोट? मी तुम्हाला बंडीशिवाय कशात पाहिलं नाही. असो. मी ते काही लिहीत नाही. हे वाचणाऱ्यांना मात्र एवढं सांगावं लागेल, तुम्ही ऐका नुसते.

तर जळगावात मेहरूणमध्ये नानांच्या घराच्या वरच्या खोलीत एक डबा होता. डबा म्हणजे सर्व्हर. लोखंडी, धुळीने भरलेला, पंखा सुरू झाला की चक्कीवर आल्यासारखं वाटायचं. त्याच्यावर लिनक्स, आणि त्याच्यावर आमची केळीच्या भावाची साइट. शेतकऱ्यांच्या एका गटाने नानांकडून ती करून घेतली होती. ठिकठिकाणचे भाव आदल्या रात्री नानांकडे यायचे आणि सकाळी सातला आपोआप पानावर चढायचे. पूर्वेकडच्या यावल, रावेर पट्ट्यातली माणसं सकाळी उठली की दात घासायच्या आधी ते पान उघडतात. कारण व्यापाऱ्याची गाडी मजूर घेऊन सकाळीच बागेत येते, आणि गाडीवरचा माणूस म्हणेल तो भाव. एकदा घड कापला की परत झाडाला लावता येत नाही. म्हणून कापायला सुरुवात होण्याआधी आजचा भाव हातात पाहिजे. एवढंच त्या साइटचं काम. दिसायला ती इतकी कुरूप आहे की मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसले होते, आणि तुम्ही म्हणाला होतात, "लगीन करानं शे का तिनासंगे?"

तुमचं असंच असायचं. दुनियेशी शुद्ध मराठी आणि चिडलात की अहिराणी. माझ्याशी दिवसभर अहिराणीच, यावरून काय ते समजा.

मी धुळ्याची. कॉलेज संपवून दोन ठिकाणी नोकरी धरली आणि सोडली, मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. मी एसटीने जळगावला आले. तुम्ही प्रश्न एकच विचारलात, "चालू मशीन कधी बंद पाडलंय का?" मी म्हटलं, हो. "मंग ये उद्यापासून. ज्यानी नई पाडं तो खोटं बोलस." त्या दिवशी काकूंनी कढी-फुनके खाऊ घातले आणि मी ठरवलं, इथेच राहायचं. मग काही काळाने धुळ्यात आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आपलं छोटं ऑफिस झालं, माझ्या जिवावर टाकलंत तुम्ही ते. त्यासाठी कधी नीट थँक्यू म्हटलं नाही. आता म्हणते. आता पुढे भांडण.

नाना, मी किती वेळा सांगितलं की हा डबा मरतोय? पंखा घरघरतोय, डिस्क कुरकुरतेय, एक दिवस सकाळी उठणारच नाही. गटाने नवीन मशीन घेऊनसुद्धा दिलं. ते धुळ्याच्या ऑफिसात खोक्यात पडून. मी फोन करायचे, नाना कधी हलवायचं? आणि तुमचं ठरलेलं उत्तर:

"चालू शे ना?"

"चालू आहे, पण..."

"मंग कसाले हात लावस तू?"

मी तुम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. जुनं चालू असतानाच सगळा माल नव्यावर कॉपी करायचा. मग परत एकदा कॉपी, यावेळी फक्त जेवढं बदललंय तेवढंच. मग नवं मशीन आपण आपल्यापुरतं उघडून बघायचं, लोकांना कळणारही नाही. साइटचा पत्ता जिथे नोंदवलेला असतो तिथे आधीच सांगून ठेवायचं की पत्ता लवकर बदलणार आहे, जुना फार वेळ लक्षात ठेवू नका. शेवटी एकदाच दोन मिनिटं लिहिणं थांबवायचं, उरलेलं ओढायचं, पत्ता बदलायचा. आणि तरी कुणी जुन्या पत्त्यावर आलाच, तर जुन्या डब्याने त्याला हळूच नव्याकडे पाठवायचं. कुणाला पत्ता लागणार नाही की घर बदललंय. तुम्ही ते चित्र उलटंसुलटं करून बघितलंत आणि म्हणालात, "चित्र चांगलं काढस तू."

पण मग एक दिवस तुम्हीच फोन केलात. पंखा बंद पडला होता आणि तुम्ही टेबलफॅन लावून डबा चालवत होतात. "अमावस्याले करू," म्हणालात. का, तर अमावास्येला हमाल सुट्टीवर, बाजार बंद, कापणी नाही, त्या दिवशी भाव कुणी बघत नाही. मी आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "अमावास्येला नवीन मशीन? त्या नानांना कळत नाही का, आणि तुलापण?" मी तुम्हाला म्हटलं, नाना, माझ्या पद्धतीने केलं तर कुठल्याही दिवशी करता येतं, अमावास्या लागतच नाही. तुम्ही म्हणालात, "तुनी पद्धत तुना जोगे ठेव. माले झोप लागाले पाहिजे." त्यावरून आपलं आठवडाभर भांडण चाललं. मजा यायची खरं तर. मला भांडणात मजा येते हे मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला माहीत होतंच.

आणि दुसरं भांडण, खरं भांडण, घड्याळाचं.

तुमच्या डब्याचं घड्याळ पुढे होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं अर्ध्या तासाच्या आसपास. वेळ आपोआप जुळवायची सोय तुम्ही मुद्दाम बंद केली होती. त्यामुळे वेळेवर चालणारा लॉगिनचा कोड कधी लागायचा नाही, तिथल्या नोंदी बघितल्या तर अजून न घडलेल्या गोष्टी घडून गेलेल्या. मी डोकं धरून बसायचे. आणि त्या फाइलीत, जिथे वेळेचं सगळं आहे, तिथे तुम्ही एक ओळ लिहून ठेवलेली: "हात लावू नये." बस. का, कशाला, काही नाही. तुमच्या सगळ्या फाइलींमध्ये हेच. हात लावू नये. हात लावू नये. सही राहिली फक्त.

काकूंना विचारलं तर त्या हसल्या. "अगं, या घरातलं कुठलं घड्याळ बरोबर आहे?" आणि खरंच, हॉलमधलं पुढे, स्वयंपाकघरातलं पुढे, तुमच्या मनगटावरचं पुढे. तरुणपणी नरडाण्याच्या स्टेशनवर डोळ्यांदेखत तुमची गाडी गेली होती, मुलाखतीला चालला होतात, तेव्हापासून म्हणे तुम्ही सगळी घड्याळं पुढे ठेवता. मी म्हटलं, अच्छा, म्हणजे खोड आहे. म्हातारपणाची खोड. सर्व्हरलापण लावलीत.

आपलं शेवटचं बोलणं तेच होतं. मी फोनवर म्हटलं, "नाना, नव्या मशीनवर तरी घड्याळ बरोबर ठेवते हं."

तुम्ही म्हणालात, "त्यानं काय शे ना... मंग सांगसू."

मग सांगसू! नाना, मग म्हणजे कधी? अमावास्या यायच्या आधीच तुम्ही गेलात. दुपारी जेवून पडलात ते पडलातच. मला काकूंचा फोन आला तेव्हा मी नव्या मशीनवर पहिली कॉपी लावून बसले होते. ती चालूच राहिली. मी जळगावला पोचले, तुम्हाला बघितलं, परत आले, तेव्हा स्क्रीनवर लिहिलेलं की कॉपी पूर्ण झाली, एकही चूक नाही.

मग घाई सुरू झाली. काकू आता चाळीसगावला लेकीकडे राहणार, मेहरूणचं घर बंद होणार, वीज बंद होणार. म्हणजे डब्याला त्या अमावास्येच्या पुढे आयुष्य नाही. गटातले लोक फोनवर, "पोरी, जमेल ना तुला? नानांशिवाय?" प्रत्येकजण हेच विचारायचा आणि प्रत्येकाला मी म्हणायचे जमेल, आणि फोन ठेवला की कागदावर ते चित्र पुन्हा काढायचे. मला सांगा, माझं काय पणाला लागलं होतं तिथे? नोकरी नाही हो. ती साइट एक सकाळ जरी बंद पडली असती ना, तर लोक म्हणाले असते, नाना होते तोवर चाललं. मला तेच ऐकायचं नव्हतं. बाकी काहीही.

आणि नाना, मी केलं! मी अमावास्येलाच केलं, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, आणि माझ्या पद्धतीने. दोघांचं राखलं. आईने दारात लिंबू-मिरची टांगली आणि मशीनला हळद-कुंकू लावायला आली, मी म्हटलं पंख्याच्या जाळीत नको, तर तिने वर लावलं. भरदुपारी शेवटची कॉपी, पत्ता बदलला, आणि मी मोबाइलवरून, शेजारच्या दुकानदाराच्या मोबाइलवरून, जळगावच्या मैत्रिणीच्या मोबाइलवरून साइट उघडून बघितली. चालू. चालू. चालू. एक क्षण बंद नाही. जुन्या डब्याकडे कुणी चुकून गेला तर तो बिचारा नव्याकडे पाठवतोय. मी ऑफिसात एकटीच नाचले. तुमच्या फोटोला दाखवलं, बघा! बठ्ठं आलं, सगळंच्या सगळं, एक फाइल मागे राहिली नाही!

आणि नव्या मशीनचं घड्याळ? वेळ जुळवायची सोय मी सुरू केली, ते आपोआप बरोबर. सेकंदाला सेकंद. मी त्यावर किती खूश होते म्हणून सांगू. वाटलं, आपलं एक भांडण तरी मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले, बरोब्बर सातला भाव पानावर चढले. मी टाळी वाजवली. पण फोन सातच्या आधीपासूनच वाजत होता आणि मी उचलत नव्हते, वाटलं अभिनंदनाचे असतील. किती मूर्ख असावं माणसाने.

उचलला तो आबांचा होता. आबा म्हणजे यावल तालुक्यातले, साइटचं पान रोज उघडणारे, आणि रोज तुम्हाला फोन करून "नाना, भाव आला बरं का" असं तुम्हालाच सांगणारे.

"ताई, आज भाव काहून नाही आला?"

"आलाय की आबा. बघा, सातला आला."

"आत्ता आला तं काय उपेग? गाडी कवाच आली. त्याचा माणूस म्हने, आज भाव उतरला. मी म्हनलं थांब, साइट बघतो. तं साइटवर जुनाच. तो हसला. म्हने, नाना गेले, साइट बी गेली. कापायचं का मजूर परत नेऊ? मी म्हनलं काप."

"आबा, अजून थांबवा ना..."

"अर्धी बाग पडली, ताई."

 आत्ता पानावर जो भाव होता तो त्या माणसाने सांगितलेल्यापेक्षा कितीतरी चढा होता. आबांनी तो माझ्यासोबत फोनवरच बघितला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

"पण आबा, रोजपण सातलाच येतो ना?"

"रोज गाडी यायच्या आत येतो. नानांनी शब्द दिला होता. म्हने आबा, पानावर काय बी वेळ लिहू दे, गाडी बांधावर यायच्या आत भाव तुमच्या हातात असेल, ते माह्याकडं लागलं."

नाना. नाना!

तेव्हा मला सगळं कळलं, तिथेच उभ्याउभ्या. साइट सुरू झाली तेव्हा गटाची आणि व्यापाऱ्यांची बैठक झाली होती, हे तुम्ही मला सांगितलं होतं. सातला भाव लावायचा, कुणाला आधी नाही, कुणाला नंतर नाही, असं ठरलेलं. मग गाड्या सातच्या जरा आधी बागेत यायला लागल्या. आणि तुम्ही भांडला नाहीत, ओरडला नाहीत, तर डब्याचं घड्याळ पुढे केलंत. पानावर सात, डब्यात सात, आणि आबांच्या बांधावर जेमतेम साडेसहा, अजून गाडीचा पत्ता नाही.

मी तुमचा डबा शेवटच्या फाइलीपर्यंत उचलून आणला. पण घड्याळ ही फाइल नाही ना हो. ते कॉपी होत नाही. तेच तेवढं मेहरूणला राहिलं, आणि साइटमध्ये खरं काम करणारं तेच होतं.

आता माझा राग ऐका. तुम्ही मला का नाही सांगितलं? एवढं माझ्यावर धुळ्याचं ऑफिस टाकलंत, आणि ही एक गोष्ट नाही? मी कुणाला सांगेन असं वाटलं? की मी म्हणेन, नाना, ही लबाडी आहे? म्हटलंच असतं! लबाडीच आहे ती. शब्द देऊन मागच्या दाराने मोडायचा. आपण कडाक्याचे भांडलो असतो, काकूंनी मध्ये पडून चहा दिला असता, आणि शेवटी काहीतरी मार्ग काढला असता दोघांनी. ते भांडण तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. "हात लावू नये" एवढं लिहायला वेळ होता, पुढे "कारण" लिहायला नव्हता? आणि आबांची अर्धी बाग? ती माझ्या बरोबर घड्याळाने पाडली की तुमच्या गप्प बसण्याने? मी उत्तर शोधतेय आणि मला दर वेळी वेगळं मिळतंय.

त्या सकाळी मी नव्या मशीनपुढे बसले. एक ओळ टाइप करायची होती फक्त. घड्याळ पुढे, की सगळं पुन्हा तुमच्यासारखं. बोटं कीबोर्डवर होती. लिहिली पण होती ती ओळ. मग पुसली.

व्यापाऱ्यांच्या बाजूने जे शेठ बोलतात त्यांना फोन लावला. ते गोड बोलतात, तुम्हाला माहीत आहे. "बेटा, सातचं ठरलंय ना. नाना होते तोवर कधी तक्रार आली का?"

"नाही आली शेठ. ठरलं तेव्हा असं ठरलं होतं ना, कुणाला आधी नाही? मग तुमच्या गाड्या सातच्या आधी कशा येतात बागेत?"

"गाडीला काय घड्याळ असतं का बेटा, रस्ता मोकळा मिळाला की येते."

"मग भावालापण आजपासून घड्याळ नाही. आले की लगेच लावणार, रात्री आले तर रात्री. आणि पानावर खरी वेळ लिहिणार."

शेठ म्हणाले, "नाना असं बोलले नसते."

"नाही बोलले," मी म्हटलं. "म्हणून तर मला बोलावं लागतंय."

फोन ठेवला आणि सातची अट लगेच काढून टाकली. गटात यावरून बोलणी चाललीत, दोघे-तिघे माझ्यावर चिडलेत, पोरगी आगाऊ आहे म्हणे. शेठनी उद्या बैठक बोलावलीय. काय होईल माहीत नाही. पण भाव आता रात्री झोपायच्या आधीच आबांच्या हातात असतो. काल त्यांचा फोन आला, मी उचलला, आणि ते म्हणाले, "ताई, भाव आला बरं का." मलाच सांगत होते, भाव मी लावलेला. मी रडले, पण त्यांना कळू दिलं नाही.

आणि आज. आज काकू चाळीसगावला गेल्या. जाताना डबा माझ्या हवाली केला, जुन्या चादरीत गुंडाळून, वर दोर बांधून. म्हणाल्या, "याचं काय करायचं ते तू बघ. त्यांना तो सोडवत नव्हता." मी तो एसटीत मांडीवर घेऊन धुळ्याला आणला, कंडक्टर म्हणाला मूर्ती आहे का ताई, मी म्हटलं हो. ऑफिसात ठेवला, उगीचच वीज लावली, नेटची वायर नाही काही नाही. टेबलफॅन समोर धरला. घरघर करत उठला. आणि कोपऱ्यात वेळ आली.

अजून पुढे आहे, नाना. आतल्या छोट्या बॅटरीवर इतके दिवस एकटंच चालत राहिलंय तुमचं घड्याळ, अंधारात, चादरीत. माझ्या मोबाइलवरच्या वेळेपेक्षा तेवढंच पुढे. म्हणजे या खोलीत अजूनही एक जागा आहे जिथे आबांची गाडी यायची आहे, भाव आधीच लागलाय, आणि तुम्ही आमच्यापेक्षा थोडे पुढे जाऊन बसलायत. मी ते बरोबर केलं नाही. बंदही केलं नाही अजून. नव्या मशीनवर मी एक फाइल उघडली, वेळेची, आणि तुमची ओळ तिथे आलेलीच होती: हात लावू नये. त्याच्या खाली मी लिहायला लागलेय, कारण. कारण लिहिते आहे, नाना. पूर्ण. माझ्यानंतर जी कुणी येईल तिने माझ्याशी तरी भांडून घ्यावं, जिवंतपणी.

चहा उतू गेला. आई आत येऊन बघून गेली आणि तिने दुसरा ठेवला.

आता वाचणाऱ्यांना विचारते, खरंच विचारते, कारण मला एकटीला झेपत नाहीये हे. गेलेल्या माणसाचं काहीतरी तुम्ही चुकीचं समजून नीट केलंत, आणि नीट केल्यावर कळलं की ते चुकीचं असणंच कुणाच्या तरी उपयोगाचं होतं, असं तुमच्याकडे झालंय का? तेव्हा तुम्ही ते परत तसंच ठेवलंत, की माझ्यासारखं तिसरंच काहीतरी केलंत? आणि राग? तो कुणावर काढलात?